तांबडी कुणाच्या घरची

आमच्या मळ्यातल्या घराला पुढचं दार होतं, मागचं दार होतं आणि चुलीच्या वर एक बिनगजाची खिडकी होती, आणि कोंबड्या या तिन्हींचा वापर आमच्यापेक्षा जास्त करायच्या. पुढच्या दारानं आत यायच्या, जात्याभोवती सांडलेल्या कण्या टिपायच्या, आई भाकरी थापत असली की परातीशेजारी मान वाकडी करून उभ्या राहायच्या, आणि आईनं "हाऽड" म्हटलं की रुसल्यासारख्या मागच्या दारानं निघून जायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा पुढच्या दारात हजर. आढ्याला चिमण्यांची घरटी होती, त्यांचं गवत सकाळी आमच्या चहात पडायचं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोथिंबिरीला पाणी सोडलं की पाटाच्या कडेनं बगळे ओळीनं उभे राहायचे आणि साळुंक्या त्यांच्या पायांत लुडबुडायच्या. पेरूवर पोपट, शेवग्यावर होले, बांधावरच्या बाभळीत भारद्वाज. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं म्हणतात. मला तो रोज दिसायचा, त्यामुळं या म्हणण्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

ओझरच्या बाजूनं अधूनमधून विमान यायचं. ते आलं की आमचा कोंबडा मान वर करून घार आल्याची हाळी द्यायचा आणि सगळ्या कोंबड्या पिलं पोटाखाली घेऊन झेंडूच्या वाफ्यात दडून बसायच्या. पुढं माझं लग्न झालं ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाशी. बघायला आला तेव्हा मी त्याला पहिलं वाक्य बोलले ते हेच, की तुमच्या विमानांपायी आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. तो हसला म्हणून मी हो म्हटलं. आता आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर राहतो, मळ्याच्या जागी बंगले झालेत, आणि अंडी मोबाइलवर बोट लावलं की एक पोरगा घेऊन येतो. पांढरीफटक, एकाच मापाची, कुठल्या कोंबडीची ते देवाला ठाऊक. माझी नात म्हणते, आजी, अंडं ते अंडं. मी तिला काही बोलत नाही, पण मला ते पटत नाही. अंडं कुठल्या कोंबडीचं यावरून आमच्या घरात जे घडलं, ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

माझ्या आईच्या हाताला गुण होता. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून फुगून एका जागी बसून राहायला लागली, की तिला अंड्यांवर बसवायचं असतं. हे काम कुणालाही येतं, पण पिलं कुणाच्याही हातून निघत नाहीत. आई अंडं कानाशी हलवून बघायची, उन्हाकडं धरून बघायची, टोपलीत राख आणि भुसा घालून अंडी मांडायची आणि वीज कडाडली तर पिलं आतल्या आत मरू नयेत म्हणून कोपऱ्यात एक लोखंडी खिळा ठेवायची. अमावास्येला बसवायची नाही, बसवताना बोलायची नाही. आईनं मांडलेलं अंडं सहसा वाया जात नसे. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका पदरात अंडी घेऊन यायच्या, "तारावैनी, तुमच्या हातानं तेवढी मांडून द्या." आई सगळ्यांकडं जायची. जाताना मला न्यायची आणि त्या त्या घरी मला गूळ-शेंगदाणे मिळायचे. दिवसभर निंदणी-खुरपणी करून, फुलं तोडून, जुड्या बांधून तिला कुणी शाबास म्हणायचं नाही, पण या एका गोष्टीसाठी सगळी वस्ती तिला मान द्यायची. माणसाला अशी एक गोष्ट लागते. आईची ती होती.

आणि हेच भामाकाकूच्या डोळ्यांत खुपायचं. भामाकाकू म्हणजे माझी थोरली काकू, दादांच्या मोठ्या भावाची बायको. दोन भावांची वाटणी झाली होती, पण घरं समोरासमोर आणि अंगणाला अंगण लागून. काकू अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. आई तिला आक्का म्हणायची, तिच्यासमोर डोक्यावरचा पदर घसरू द्यायची नाही. काकू आईला तारे म्हणायची, आणि ते असं म्हणायची की त्यात शेणाची पाटी उचल हे आपोआप ऐकू यायचं. तिच्या हातून बसवलेली अंडी बहुतेक नासायची. नासली की ती कोंबडीला शिव्या घालायची. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. पण ती जिवंत होती तेव्हा मोठ्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणायचे. मग बोलायचं कधी? तिच्या तेराव्याला मी जेवायला गेले होते आणि बासुंदी दोनदा मागून घेतली, एवढंच सांगते.

आईची एक कोंबडी होती, तांबडी. आईच्या माहेराहून, वणीकडून, एसटीत मांडीवर टोपली ठेवून आणलेल्या वाणाची. दिसायला चारचौघींसारखीच, वीटकरी रंगाची, पण पिलांची आई म्हणून पहिल्या नंबरची. तिच्या पाठच्या दोन तांबड्या आईनं काकूला दिल्या होत्या, अगदी मुठीएवढी पिलं असताना. दोन्ही मुंगसानं नेल्या. काकूच्या खुराड्याचं दार कधी धड लागायचंच नाही. आमच्या तांबडीला एक खोड होती. तिला अंडं घालायला जमिनीवरची जागा चालायची नाही. ती खिडकीतून आत यायची, बाजरीच्या पोत्यावर उडी मारायची, तिथून माळ्यावर, आणि माळ्यावर एका जुन्या टोपलीत आईचं फाटकं लुगडं होतं त्यात बसायची. पहिलं अंडं तिनं तिथं घातलं, ते आईनं काकूला कौतुकानं दाखवलंही होतं, आणि मग दुसरी जागा तिला पसंतच पडली नाही.

त्या हिवाळ्यात आईनं तिला बसवलं, पिलं निघाली, आणि पिलं जेमतेम तुरुतुरु पळायला लागली तेवढ्यात एके दिवशी तांबडी पिलांसकट नाहीशी झाली. आई बांधाबांधानं हिंडली. कुठं पीस नाही, रक्त नाही. "मुंगूस असता तर एखादं पिलू तरी टाकून गेला असता," ती म्हणाली. रात्री तिनं भाकरी खाल्ली नाही. पुढं दहा-बारा दिवस गेले असतील, मी शाळेतून येत होते तर काकूच्या अंगणात तांबडी उकिरडा उकरत होती आणि पिलं भोवती. मी दप्तर टाकून ओरडत आईकडं गेले. आई ओल्या हातानं बाहेर आली.

"आक्का, ही आमची तांबडी."

काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझी कशी? तूच दिलेल्या दोघींतली एक हाय ती. एक मुंगसानं नेली, एक ऱ्हायली."

"दोघी गेल्या व्हत्या. तुम्हीच सांगितलं व्हतं."

"मी? मी कवा सांगितलं? आता काय माझ्या कोंबड्या बी तुला इचारून पाळू का?"

नंतर कळलं, तिनं तांबडीला आणि पिलांना इतके दिवस गोठ्यातल्या अंधारात डालग्याखाली कोंडून ठेवलं होतं. वरून चारा रचलेला. कोंबडीला असं कोंडलं की तिला तेच घर वाटायला लागतं. हे काकूला ठाऊक होतं, कारण हे आईनंच तिला शिकवलं होतं.

आता आमच्या वस्तीची एक रीत होती. मोकळ्या कोंबड्या कुणाच्याही शेतात चरतात, त्यांच्यावर काही नाव कोरलेलं नसतं. म्हणून वाद झाला की कोंबडीलाच विचारायचं. सांज झाली की तिला दोन्ही घरांच्या मधोमध सोडायचं. दोन्ही घरच्यांनी आपापल्या दारात उभं राहायचं, हाक मारायची नाही, दाणा टाकायचा नाही. ती ज्या खुराड्यात शिरेल त्याची. आणि जो हरेल त्यानं जिंकणाऱ्यापुढं नारळ ठेवून पाया पडायचं आणि "खोटं बोललो" म्हणायचं. हा निवाडा करायची येसूआत्या. ती दादांची आत्या, बालविधवा, पाटाच्या पलीकडं एकटी राहायची. तोंडात दात नव्हते पण शब्दाला धार होती, आणि तिनं कुणाची बाजू घेतली असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

येसूआत्या आली, बायका जमल्या. तिनं तांबडी पदराखाली धरली आणि काकूला विचारलं, "भामे, एकदा इचारते. ही कोंबडी कधी ताराच्या घरात वावरली का?"

"छ्या," काकू म्हणाली. "तिचा उंबरा कसा हाय ते बी हिला ठाव नाय. पिलू व्हती तवापासून माझ्याच दारात वाढली. देवाशपथ."

मग तांबडीला सोडलं. ती थोडा वेळ उभी राहिली. आमच्या घराकडं चार पावलं आली. आणि मग काकूच्या खुराड्यातून बारीक आवाज आला, पिलांचा. काकूनं दोन-तीन पिलं आधीच आत कोंडून ठेवली होती. तांबडीनं मान वळवली, घशातल्या घशात पिलांना साद घातली आणि पळत जाऊन काकूच्या खुराड्यात शिरली.

"पिलं आत हायेत," आई म्हणाली. "पिलं आत ठेवली यांनी."

"हरली की मानूस कायबी बोलतं," काकू म्हणाली.

पिलांचा आवाज येसूआत्यानंही ऐकला होता. पण रीत ती रीत. हाक मारायची नाही, दाणा टाकायचा नाही, एवढंच त्यात होतं, पिलांचं काही नव्हतं. "कोंबडीनं सांगितलं, तारा," ती म्हणाली. "नारळ आण."

आईनं देवापुढचा नारळ आणला. काकू ओट्यावर पाय सोडून बसली होती, तशीच बसून राहिली. माझ्या आईनं त्या बाईच्या मातीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, खोटं बोलले. दादा बाजारातून आले होते, सायकलला रिकाम्या पाट्या बांधलेल्या, अंगणाच्या कडेला उभे होते. थोरल्या भावजयीपुढं तोंड उघडायचं नाही असं त्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. ते सायकलची घंटी रुमालानं पुसत राहिले. त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर पुष्कळ दिवस नाही.

कोंबडी गेली त्याचं आईला इतकं नव्हतं. पण खोटी ठरलेल्या बाईकडून अंडी कोण मांडून घेणार? असल्या हाताचं अंडं नासतं म्हणतात. पुढच्या आठवड्यात बायका यायच्या बंद झाल्या. पाटावर धुणं धुताना आई आली की बोलणं थांबायचं. एक जण तर, नाव घेत नाही, तिची नातवंडं आता माझ्याशी चांगली आहेत, तिनं आईनं आधी मांडून दिलेली अंडी टोपलीतून काढून उकिरड्यावर फेकली. आईनं हे ऐकलं तेव्हा ती मिरच्या खुडत होती. ती खुडतच राहिली, फक्त देठाऐवजी मिरच्याच बाजूला टाकायला लागली.

मला काय काय करावंसं वाटायचं. काकूच्या माठात मीठ टाकावं, तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर कोंबड्यांची शीट फासावी. एकदा तर दिवेलागणीला मी तिच्या खुराड्याच्या कडीवर हात ठेवून उभी होते. मुंगूस बांधाच्या बिळात आहे हे मला ठाऊक होतं. कडी नुसती सरकवायची होती. आईनं मागून येऊन माझं मनगट धरलं.

"कोंबड्यांनी काय केलंय तुझं?"

"मग काय करायचं? तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ना. लय वाटतं." तिचा आवाज इतका थंड होता की मला भीती वाटली. "खुडूक कोंबडी बघितली ना कशी बसते? भूक लागली तरी उठत नाय. मी बसलीये. तू घाई करून माझी अंडी फोडू नको."

मला तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माळा झाडायला गेले तेव्हा आई खालून म्हणाली, "ती टोपली हलवू नको. लुगडं बी तसंच ऱ्हाऊ दे." ते मात्र मी ऐकलं.

थंडी संपली, आंब्याला कैऱ्या लागल्या. तांबडीची पिलं मोठी होऊन आपापली चरायला लागली. पिलं सुटली की कोंबडी पुन्हा अंड्यावर येते. आई रोज दुपारी चुलीजवळ बसून राहायची, काम नसलं तरी. आणि एका दुपारी खिडकीत तांबडी येऊन उभी राहिली. तिनं एक डोळा आईकडं फिरवला, एक डोळा माझ्याकडं, पोत्यावर उडी मारली, तिथून माळ्यावर गेली आणि टोपलीत बसली. आई हसली. त्या निवाड्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"झोपायला कुठंबी झोपंल," ती हळू आवाजात म्हणाली. "अंडं घालायला बाई आपल्याच जागेवर येते."

पण कोंबडी अंडं घातल्यावर गप्प बसत नाही. कोकलून साऱ्या गावाला सांगते. तांबडीनं पहिला सूर लावला मात्र, आईनं मला दामटलं, "मंदे, पाढे म्हण. मोठ्यानं." मी तेरावर होते तिथून सुरू केले. तेव्हापासून हे रोजचंच झालं. तांबडी अंडं घालून कोकलायला लागली की मी बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायचे, आई पितळी पातेलं घासायला घ्यायची, आणि तांबडी आमच्या गोंधळात खिडकीतून उतरून काकूच्या अंगणात परत चरायला जायची. समोरून काकूनं दादांना एकदा म्हटलंसुद्धा, "पोरगी अभ्यासाची हाय हो तुमची, सुट्टीत बी पाढे म्हणते." एकोणतीसपर्यंतचे पाढे मला आजही येतात, ते त्या उन्हाळ्याचे.

ती अंडी आम्ही कशी खाल्ली ते मी विसरणार नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यात सोललेली अंडी, बाजरीची भाकरी चुरून, वर कांदा. कधी तव्यावर कांदा-मिरची घालून पोळी. तांबडी दाणे काकूचे खायची, रात्री राखण काकूची, आणि अंडं आमच्या ताटात. आणि डालग्याखाली कोंडून तिच्या जुन्या सवयी मोडल्या असं धरून चाललेल्या काकूला कळेना, ही धडधाकट कोंबडी अंडं घालते कुठं. ती उकिरडा उचकायची, कडब्याच्या गंजीत हात घालायची, एकदा गंजीत विंचवानं तिला डंख केला आणि ती तीन दिवस हात बांधून बसली. तिच्या कण्हण्यानं मला इतकी गाढ झोप लागली की काय सांगू. दादांना हे सगळं ठाऊक होतं. ते रस्सा भुरकायचे, मान खाली घालून, आणि एकदा हळूच म्हणाले, "अजून एक अंडं हाय का?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलायला लागले.

मला हे असंच चाललं असतं. पण आईला अंडी नको होती. तिला तिचं नाव परत हवं होतं, आणि ते काकूच्याच तोंडून, चारचौघींत. मग कुरडयांचे दिवस आले. वस्तीतल्या बायका पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमून कुरडया घालायच्या. त्या दिवशी पाळी येसूआत्याची होती. तिचं अंगण आमच्या मागच्या दारासमोर, मध्ये फक्त पाट. सकाळपासून गव्हाचा चीक शिजल्याचा वास येत होता. गरम चीक, दूध-साखर घालून. दरवर्षी पहिली वाटी मला मिळायची, कारण आईचा हात सोऱ्यावर चांगला चालायचा. त्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. आई मागच्या दारात बसून मेथी निवडत होती आणि पलीकडच्या बायका इकडं पाठ करून बसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्यानं हसत होती भामाकाकू.

दुपारी तांबडी आली. माळ्यावर गेली. मी पाढ्यांसाठी घसा साफ केला.

"आज म्हणू नको," आई म्हणाली.

तिनं पातेल्यालाही हात लावला नाही. तांबडीनं अंडं घातलं, उभी राहिली आणि असा काही गळा काढला की पाटापलीकडचं हसणं थांबलं. टोपलीत त्या दिवशी आठवड्याभराची अंडी होती. आईनं ती मुद्दाम काढलीच नव्हती. पलीकडून काकूचा आवाज आला, "ही माझी तांबडी बोलू ऱ्हायली." आणि ती चिकाच्या हातांनी पाटातून छपछप करत आमच्या घरात घुसली. तिच्यामागं बाकीच्या बायका, आणि त्यांच्यामागं काठी टेकत येसूआत्या.

काकू पोत्यावर चढली आणि माळ्यावरून टोपलीच खाली ओढली. एका काखेत तांबडी फडफडतेय, दुसऱ्या हातात अंड्यांची टोपली.

"बघा," ती सगळ्यांकडं वळून म्हणाली. "बघा गं बायांनो. महिना झाला, माझ्या कोंबडीचं अंडं मला दिसत नाय. ही सटवी खाऊन बसली. पयली कोंबडीवर डोळा, आता अंड्यांवर."

आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

येसूआत्या दाराला टेकून उभी राहिली. "तारा, तू जाऊन आणली का ही अंडी भामाच्या घरून?"

"मी त्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाय त्या दिवसापासून," आई म्हणाली. "त्यांनाच इचारा, कोंबडी माझ्या माळ्यावर कशी आली."

"भामे, हिनं धरून आणली का तुझी कोंबडी?"

"तिनं कशाला धरून आणायला पाहिजे?" काकूचा आवाज चढला होता. "ही भवानीच येते मरायला. दुसरीकडं घालतच नाय, हाच माळा लागतो हिला. पयल्यापासूनची खोड हाय ती."

"पयल्यापासून म्हंजी?" येसूआत्यानं शांतपणे विचारलं. "पयलं अंडं कुठं घातलं हिनं?"

"इथंच की. याच टोपलीत, या लुगड्या..."

आणि ती थांबली. तोंड उघडं, पुढचा शब्द जिभेवर. घरात फक्त तांबडीची धडपड ऐकू येत होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी काकूच्या तोंडाकडं बघत होते. ते आधी लाल झालं, मग राखेसारखं झालं, आणि मी ते पोटभर बघून घेतलं. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं आणि बरं वाटतं.

"उंबरा ठाव नव्हता ना हिला?" येसूआत्या म्हणाली. "देवाशपथ म्हणाली व्हती तू. नारळ आण, भामे."

थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडणार, असं आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. काकूला वाटलं असावं, आई म्हणेल राहू द्या आक्का, तुम्ही मोठ्या. सगळ्याच बायकांना तसं वाटलं असावं. एक जण म्हणालीसुद्धा, "जाऊ दे तारावैनी, झालं गेलं." आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, मांडीवरचा पाला झटकला, लुगडं घोट्यावर ओढलं आणि दोन्ही पाय पुढं सोडून बसली. नारळ आला. काकू वाकली. आईनं घाई केली नाही. काकू उठायला लागली तेव्हा म्हणाली, "आक्का, शब्द ऱ्हायला."

"खोटं बोलले," काकू म्हणाली. ऐकू येईल न येईल असं.

"पलीकडं ऐकू गेलं नाय," येसूआत्या म्हणाली.

काकूला पुन्हा म्हणावं लागलं.

मग येसूआत्यानं तांबडीला उचलून आईच्या पुढ्यात ठेवलं. "घे तुझी कोंबडी." आईनं तांबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तिला उचलून काकूच्या हातात दिलं.

"कोंबडी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली. "तिला आता तिथं झोपायची सवय झालीये. दाणे तुम्ही घाला. अंडी येतील माझ्याकडं."

येसूआत्या बिनदाताचं हसली आणि मला म्हणाली, चल गं, चीक निवतोय, तुझ्या आईला सोऱ्यावर बसव. त्या दिवशी मी तीन वाट्या चीक खाल्ला आणि रात्री पोट दुखलं. पुढच्या आठवड्यापासून पदरात अंडी घेऊन बायका आमच्या दारात येऊ लागल्या. ज्या बाईनं अंडी उकिरड्यावर फेकली होती, तीही आली. आईनं तिची अंडी मांडली, पण तिला सगळ्यांत शेवटी घेतलं, दुपारच्या उन्हात उभं ठेवून.

आणि तांबडी. काकूला ती कापून खाता आली असती, विकता आली असती. पण तसं केलं असतं तर अख्ख्या वस्तीनं विचारलं असतं, भामे, तांबडी कुठं गेली? घारीनं नेली असती, साप चावला असता, आपल्या मरणानं मेली असती, तरी नाव काकूचंच आलं असतं. म्हणून काकूनं खुराड्याला नवीन दार करून घेतलं, पक्की कडी लावली. रोज सांजेला तांबडी आली की नाही ते दिवा घेऊन बघायची. कुठं विमानाचा आवाज आला तरी आभाळाकडं बघायची. भर उन्हात मुंगूस बांधावर दिसला की ती थोराड बाई हातातलं काम टाकून, पदर खोचून, धापा टाकत काठी घेऊन त्याच्यामागं धावायची. आई आमच्या दारात बसून तांदूळ निवडत असायची. मान वर न करता म्हणायची, "सांभाळा हं आक्का. जपून."